हळू, लेकरं हायत

ताडकळसहून निघाले त्या सकाळी दारात जीप उभी होती आणि माझी बॅग आडत दुकानाच्या काट्यावरून दुसऱ्यांदा तोलून आलेली होती. पहिल्यांदा तोलली तेव्हा ती जड भरली म्हणून मी चार साड्या काढून ठेवल्या. मी चपला शोधायला आत गेले, तेवढ्यात आईनं त्या जागेत ज्वारीचं पीठ, आमटीत घालायचा तिखट येसर मसाला आणि कारळाची चटणी कोंबली. माझा धाकटा भाऊ बालाजी म्हणाला, "आई, विमानवाले पीठ न्हाई म्हणले तर अक्कानं काय करावं?" आई शांतपणे म्हणाली, "त्यांना एक भाकर करून घालावी. खाल्ल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. वर्गात भरपूर बोलायचे, घरी मोजकंच. जीपपाशी येऊन त्यांनी माझ्या मुलीच्या, सईच्या, टोपीचे बंद बांधले. ती तेव्हा नीट चालतही नव्हती. मग माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "परमुलखात जायलीस. खालमानेनं राहा. आपलं काम भलं अन् आपण भलं." मी मान हलवली. जीप सुटली. गल्लीतल्या बाया हात हलवत होत्या, आणि आई मागून धावत येऊन खिडकीतून अजून एक पुडी आत टाकत होती.

फोनवर तुम्ही सगळे मला विचारता, "तिकडं बर्फात दिवसभर करताव तरी काय?" फोनवर ते सांगायला जमत नाही, म्हणून लिहायला बसले. ताडकळसच्या माझ्या माणसांसाठी लिहितेय, आणि आपल्या परभणी जिल्ह्यातून उठून जगात कुठं कुठं जाऊन बसलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या काहींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आमचं इथलं गाव कॅनडाच्या डोंगराळ भागात आहे. एक मोठी लाकडाची गिरणी, एक दवाखाना, एक शाळा, आणि भोवती जंगल. संतोष, माझा नवरा, राणीसावरगावचा. तो गिरणीत मशिनरीचं काम बघतो. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. पहिले काही हिवाळे आम्ही काचेच्या आत बसून काढले. दुपारी चारला अंधार व्हायचा. मी भाकरी थापायची, सई बर्फाकडं बघत बसायची आणि संतोष हीटरला पाठ लावून म्हणायचा, "आपलं चुकलं की काय गं?"

सई शाळेत जायला लागली आणि एका शनिवारी तिच्या वर्गाला टेकडीवर न्यायचं ठरलं. गावाच्या वर एक स्कीची, म्हणजे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायची, टेकडी आहे. ती कोण्या कंपनीची नाही, गावाची आहे. आपल्याकडं गावच्या मंदिराचं जसं असतं तसं. कधीकाळी गावातल्याच लोकांनी झाडं तोडून उतार मोकळा केला, लाकडाची खोली बांधली, वर जायला लिफ्ट बसवली. आजही सगळं गावच चालवतं. कुणी बर्फ सारखा करायची मशीन चालवतं, कुणी खोलीतल्या शेगडीवर राजम्याचं कालवण शिजवतं, कुणी लहान पोरांना शिकवतं. प्रत्येक घरानं हिवाळ्यात काही दिवस श्रमदान करायचं. कुणाला पडझड झाली तर धावून जायला काही जण लाल जॅकेट घालून फिरत असतात. त्यांना स्की पेट्रोल म्हणतात. हे बालाजीला सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, बर्फावर पेट्रोल कशाला टाकायलेत? पेट घेईल की!" त्याला पेट्रोल म्हणजे गस्त हे पटवून देईपर्यंत माझी पुरेवाट झाली.

सई त्या दिवशी घरी आली ती गाल लाल करून. "आई, तूपण चल. सगळ्यांच्या आया येतात."

तिच्यामागं मी गेले. आयुष्यात कधी चाकाच्या बुटांवरही न चढलेली बाई. पायात दगडासारखे जड बूट, बुटांना लांब पट्ट्या, डोक्याला हेल्मेट. लहान मुलांच्या उतारावर वर जायला एक फिरती दोरी असते. ती धरायची आणि ती आपल्याला ओढत नेते. मी दोरी धरली, दोरी गेली, मी तिथंच आडवी. मागची चार-पाच लेकरं आपापली थांबली. कुणी हसलं नाही. माझ्या मागचा पोरगा एवढंच म्हणाला, "बाजूला सरका म्हणजे दुसरे धडकणार नाहीत." मी रांगत बाजूला झाले. मग कशीबशी वर पोचले आणि घसरायला लागले, तेव्हा सईनं खालून ओरडून धडा दिला, "आई, पिझ्झा! पायांचा पिझ्झा कर!" म्हणजे पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी. तसं केलं की वेग कमी होतो. हे मला कळेपर्यंत मी कुंपणाच्या जाळीत जाऊन बसले होते.

पण मजा आली हो. खरं सांगते, लय मजा आली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी इतकी पडले, इतकी हसले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

टेकडीच्या खोलीच्या दारावर नियमांचा बोर्ड आहे. मार्गारेट नावाची एक आजी, निवृत्त शिक्षिका, पेट्रोलची प्रमुख आहे. नवीन माणसाला ती त्या बोर्डासमोर उभं करते आणि एकेक नियम समजावते. पहिलाच नियम ऐकून मी थक्क झाले. उतारावर खालच्या माणसाचा मान पहिला. खालच्याला पाठीला डोळे नसतात, वरच्याला सगळं दिसतं, म्हणून सांभाळायचं ते वरच्यानं. आपल्याकडं काय असतं? ज्याचा हॉर्न मोठा त्याचा रस्ता. ट्रकपुढं जीप दबते, जीपपुढं मोटरसायकल, आणि पायी चालणाऱ्यानं तर जन्मालाच येऊ नये. इथं उलटं. जो जोरात आहे, ज्याला येतं, जबाबदारी त्याची.

बाकीचेही नियम साधेच. वरून दिसणार नाही अशा जागी थांबायचं नाही. गप्पा मारायच्या तर कडेला जाऊन मारा. हा नियम ऐकून मला आपले बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात गाडी लावून "काय पाव्हणं, कवा आलाव?" करणारे सगळे आठवले. रांगेत या बाजूचा एक, त्या बाजूचा एक, असं जायचं. बांधलेल्या दोरीच्या पलीकडं जायचं नाही, कितीही चांगला बर्फ दिसला तरी. धडक झाली तर पळून जायचं नाही. थांबायचं, लागलं का विचारायचं, आपलं नाव सांगायचं. मार्गारेटनं शेवटी बोर्डावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यातलं अवघड काही नाही. फक्त रोज करायचं असतं."

टेकडीवरच्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या घराच्या श्रमदानाची पाळी आली. मला शिकवता येत नव्हतं, मशीन चालवता येत नव्हती. राजम्याच्या कालवणात मी एकदा येसर घातला, त्यानंतर ते काम मला पुन्हा कुणी दिलं नाही. मग मार्गारेटनं मला नारिंगी जॅकेट दिलं आणि एका वळणावर उभं केलं. मोठा उतार आणि लहान पोरांचा उतार तिथं एकत्र येतात. वरून लोक वेगानं येतात, खाली लेकरं बदकांसारखी रांगेनं चालू असतात. माझं काम सोपं होतं. जोरात येणाऱ्याला हात वर करून सांगायचं, हळू.

पहिल्या दिवशी मी इतक्या हळुवारपणे हात वर केला की सगळ्यांना वाटलं, ही बाई रामराम घालतेय. तेही हात हलवून, हसून, त्याच वेगानं निघून गेले. संध्याकाळी संतोष म्हणाला, "पुढारी वाटत होतीस. मिरवणुकीतली."

एक माणूस मात्र हातही हलवायचा नाही. डग त्याचं नाव. त्याच्या वडिलांनी टेकडीवरची पहिली झाडं तोडली होती, खोलीत त्यांचा फोटो लावलाय. डग स्वतः माणूस वाईट नाही. लिफ्ट बिघडली की थंडीत उघड्या हातांनी दुरुस्त करणारा तोच. पण स्कीवर चढला की वाऱ्यासारखा. आणि अडचण अशी, की गिरणीत तो संतोषचा फोरमन होता. संतोषची कायम नोकरी व्हायची होती आणि तो कागद डगच्या शब्दावर अडून होता.

एका शनिवारी सईचा वर्ग वळणाखालून चालला होता. डग वरून आला आणि दोन मुलांच्या मधून सुळकन निघून गेला. कुणाला लागलं नाही. पण रांगेतली शेवटची, सगळ्यांत छोटी पोरगी दचकली, पाय फाकले आणि तोंडावर पडली. मी जाऊन तिला उचललं. ओठाला बर्फ लागला होता, तेवढंच, पण ती हुंदके देत म्हणत होती, "मला घरी जायचंय. मला परत यायचं नाही."

मी तिला तिच्या शिक्षिकेकडं दिलं आणि जागेवर येऊन उभी राहिले.  मनात एकीकडं अण्णा, खालमानेनं राहा. दुसरीकडं संतोषचा कागद. वर बघितलं तर डग लिफ्टनं पुन्हा वर पोचला होता आणि त्याच रेषेत निघाला होता. खाली दुसरा वर्ग. मी हात वर केला. तो दिसला तरी त्यानं वेग कमी केला नाही.

तेव्हा माझ्या तोंडून इंग्रजी निघालंच नाही. ताडकळसच्या बाजारात पलीकडच्या रांगेतल्या माणसाला बोलवावं, तसा आवाज निघाला. "ओ भाऊ! हळू! लेकरं हायत!"

 डगनं पट्ट्या आडव्या केल्या, बर्फाचा फवारा उडाला आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. गॉगल वर केला.

"काय म्हणालीस?"

मी इंग्रजीत सांगितलं.  "हळू या. खाली मुलं आहेत."

"मी या टेकडीवर चालायला शिकलोय," तो म्हणाला. "आजवर एकालाही धडकलेलो नाही. तू कोण?"

"तुम्ही धडकत नाही हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "त्या पोरीला माहीत नव्हतं. ती घाबरून पडली. परत येणार नाही म्हणते."

तो काही बोलणार तेवढ्यात मागून मार्गारेट आली. बहुतेक माझा आवाज खालच्या खोलीपर्यंत गेला असावा. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि डगला म्हणाली, "ही आमची आहे. ती जे म्हणाली ते मी म्हणाले असं समज. आजच्या दिवसापुरता तुझा लिफ्टचा पास माझ्याकडं दे."

डगनं पास काढून तिच्या हातावर ठेवला आणि पट्ट्या खांद्यावर टाकून चालत खाली गेला. मी जेवायला खोलीत गेले तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघत होते. शेगडीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बाकावर सरकून मला जागा केली.

घरी येऊन संतोषला सांगितलं. तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला. मग म्हणाला, "ओरडलीस ते बरोबर ओरडलीस. पण सोमवारी कामावर मला जायचंय." मला रडू आलं. मी अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडं सकाळ होती, मागं आईचा तवा वाजत होता. मी सगळं एका दमात सांगितलं आणि रागावतील म्हणून वाट बघत राहिले.

अण्णा म्हणाले, "पडलेल्या पोरीला उचललं का कुणी?"

"मी उचललं."

"मग झालं की. रडायलीस कशाला?"

"तुम्हीच म्हणला होताव, खालमानेनं राहा."

अण्णा म्हणाले, "आगं, तवा मी भ्यालो होतो. लेक एवढ्या लांब चालली, मला दुसरं काय सुचंना. माझं भ्याव तू कशाला बांधून न्यायलीस?" मग आईनं फोन ओढून घेतला आणि त्या डगचं लग्न झालंय का, त्याची बायको त्याला काही बोलत नाही का, अशी चौकशी सुरू केली. मी रडता रडता हसायला लागले.

सोमवारी डग गिरणीत संतोषशी नेहमीएवढंच बोलला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मंगळवारीही तसंच. आठवडाभर आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

शनिवारी मी वळणावर उभी होते. डग चालत वर आला, पट्ट्या खांद्यावर.  तो माझ्या बाजूला येऊन थांबला आणि उताराकडं बघत म्हणाला, "त्या मुलीच्या घरी गेलो होतो. माफी मागितली. तिनं माझ्यासमोर दार लावून घेतलं." तो थोडा हसला. "मग दुसऱ्या दिवशी परत गेलो. आज येतेय ती. मी तिच्याबरोबर खालच्या उतारावर असणार आहे."

 मी म्हणाले, "चांगलं केलंत."

"त्या दिवशी तू तुझ्या भाषेत काय ओरडलीस?"

"हळू."

"हालू," तो म्हणाला. मी दोनदा सुधारून दिलं, पण ळ काही त्याच्या जिभेला लागेना. त्यानं नाद सोडला आणि खाली गेला. दुपारभर मी वरून बघत होते. एवढा मोठा माणूस, पायांचा पिझ्झा करून, त्या इवल्या पोरीच्या मागं मागं, आणि जोरात कुणी आलं की हात वर करून ओरडायचा, "हालू!" पोरांनी तो शब्द लगेच उचलला. सई तर घरी येऊन म्हणाली, "आई, सगळे मला विचारतात नीट कसं म्हणायचं. मी टीचर झालेय."

संतोषचा कागद वसंतात झाला. डगनं त्यात काय लिहिलं आम्हाला माहीत नाही, आम्ही विचारलंही नाही. पण त्या संध्याकाळी तो बायकोला घेऊन आमच्याकडं जेवायला आला. येसरची आमटी भुरकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यानं वाटी दुसऱ्यांदा पुढं केली. आईला हे कळवल्यावर तिनं त्याचे सगळे गुन्हे माफ केले.

एवढं सगळं झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावी आलो. तुमच्यापैकी बरेच जण भेटलात. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली.

बाजाराचा दिवस होता. सईला घेऊन मी भाजीला निघाले होते. आमच्या शाळेजवळ आता रस्ता सिमेंटचा झालाय, त्यामुळं गाड्यांना जोर आलाय. शाळा सुटली होती, पोरं घोळक्यानं रस्ता ओलांडत होती आणि एक पोरगा मोटरसायकल घेऊन त्यांच्यातून वाट काढत भरधाव आला. एका पोरीचं दप्तर उडालं. मी काही विचार केला नाही. रस्त्याकडेला हात वर करून उभी राहिले आणि ओरडले, "ए! सावकाश! दिसंना का तुला?"

त्यानं ब्रेक मारला. माझ्या पायातल्या बुटांकडं, आखूड केसांकडं, हातात पाण्याची बाटली धरलेल्या सईकडं बघितलं. "तुमी कोण ओ? कुठून आलाव?"

 प्रश्नात काही वाईट नव्हतं. त्या पोराचा जन्मही माझ्या शाळेच्या दिवसांनंतरचा. पण ज्या रस्त्यावर मी पाटी घेऊन चाललेय, त्या रस्त्यावर मला कुणी असं विचारेल हे मनात आलं नव्हतं.  सांगावं तरी काय? कॅनडाहून आले म्हणू?

कोपऱ्यावर रहीमचाचांचं पंक्चरचं दुकान आहे. चाचा टायरवर वाकलेले होते. दप्तर उडालेलं त्यांनी बघितलं असावं; मला मात्र आवाजावरूनच ओळखलं, मानही वर केली नाही. तिथूनच गरजले, "आमच्या गुरुजीची लेक हाय ती! कोण म्हणून काय विचारतोस? गाडी बंद कर पैले. उतर. दप्तर उचल त्या पोरीचं."

पोरगा उतरला. दप्तर उचलून, धूळ झटकून त्यानं पोरीला दिलं. माझ्याकडं येऊन म्हणाला, "चुकलं काकू." आणि गाडी चालू न करता, ढकलत घोळक्याच्या पार घेऊन गेला. चाचा तेवढ्यात हात पुसत म्हणाले, "बेटी, कवा आलीस? तुझी आई, आमची भाभी, बरी हाय ना? अन् ही तुझी का?" सईनं त्यांना नमस्कार केला, आणि त्यांनी तिला टायरमधली हवा कशी मोजतात ते दाखवलं.

भाजी घेऊन परतताना सईनं विचारलं, "आई, ते काका तुझ्या बाजूनं का बोलले? त्यांनी तर तुझ्याकडं बघितलंही नव्हतं." मी म्हणाले, "त्यांना मी माहीत आहे."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. इथं असताना मला तिथलं घर आपलं वाटायचं, तिथं गेले की इथलं आठवायचं, आणि मधल्या विमानात तर कुठलंच नाही. तुमच्यापैकी जे बाहेर गेलात, तुम्हालाही हे होत असणार. मी आता ती ओढाताण सोडून दिलीय. दोन्हीकडं एकदा कुणीतरी मला विचारलं, तू कोण? दोन्ही वेळा त्या प्रश्नाचं उत्तर मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी दिलं. आमची आहे. जिथं आपली ओळख आपल्याला सांगावी लागत नाही, दुसरा कुणी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकतो, ते माझं घर. अशी जागा आयुष्यात एक मिळाली तरी माणूस नशीबवान. मला दोन मिळाल्यात, आणि दोन्ही ठिकाणी मी मोकळ्या गळ्यानं ओरडते.